डबे अनेक, कोठार एक

आई-बाबा, सासू-सासरे, मामा-मावशी सिंगापूरला आले की पहिल्या आठवड्यात मरीना बे होतं, दुसऱ्या आठवड्यात मुस्तफा आणि लिटल इंडिया होतं, आणि तिसऱ्या आठवड्यात कधीतरी जेवणाच्या टेबलावर तो प्रश्न येतोच. "तू दिवसभर त्या लॅपटॉपवर नक्की करतेस तरी काय?" आपल्यापैकी बऱ्याच जणांचं उत्तर ठरलेलं असतं: "क्लाउडचं काम आहे." ऐकणारा मान डोलावतो, आमटी वाढून घेतो आणि विषय संपतो.

या वेळी माझे मामा आले होते. आयुष्य सहकारी बँकेत गेलेलं, त्यामुळे "क्लाउड" वगैरे शब्दांवर समाधान मानणारे नव्हेत. त्यांनी विचारलं, "ते राहू दे गं. माझे पैसे कुठल्या वहीत लिहिले जातात, ते सांग. वही कुठं ठेवलेली असते, आणि ती एका वेळी किती जणांच्या हातात असते?" मी ज्या कामात गेली काही वर्षं बुडालेय, त्याचा गाभा त्यांनी दोन वाक्यांत विचारला होता. हा लेख म्हणजे त्यांना दिलेलं लांबलचक उत्तर आहे. घरातल्या इंजिनिअर मंडळींनी कंटाळू नये, त्यांच्यासाठीही मधेमधे काही आहे.

कंटेनर या शब्दापासून सुरुवात करू, कारण तो शब्द या गावचाच आहे. २३ जून १९७२ रोजी रॉटरडॅमहून निघालेलं एम. व्ही. निहोन हे जहाज तांजोंग पगारच्या धक्क्याला लागलं आणि सिंगापूरच्या बंदरात पहिल्यांदा कंटेनर उतरले, सुमारे ३००. २०२४ मध्ये याच बंदरानं ४.१ कोटी कंटेनर हाताळले (वीस फुटी कंटेनर हे माप धरून). हे सारं आता हळूहळू शहरापासून दूर तुआसला चाललंय. आपल्या न्हावाशेव्याशीही याचं नातं आहे. तिथलं भारत मुंबई कंटेनर टर्मिनल सिंगापूरची पीएसए कंपनी चालवते आणि त्याच्या दुसऱ्या टप्प्याचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी मिळून केलं.

पोलादी कंटेनरची जादू एवढीच की आत काय आहे याच्याशी क्रेनला देणंघेणं नसतं. आकार ठरलेला, कोपऱ्यातल्या पकडी ठरलेल्या. आत चपला असोत की सायकली. संगणकवाल्यांनी ही कल्पना उचलली. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका ठरलेल्या आकाराच्या डब्यात भरायचं, म्हणजे तो डबा कुठल्याही संगणकावर ठेवला तरी तसाच चालतो. डॉकर नावाच्या साधनानं २०१३ पासून हे घरोघरी नेलं. मग डबे शेकड्यांनी झाले, संगणकही अनेक झाले, आणि कुठला डबा कुठल्या संगणकावर ठेवायचा, बंद पडला तर पुन्हा कुठे सुरू करायचा हे बघणारा कुणीतरी लागला. २०१४ मध्ये गूगलनं कुबरनेटीज खुलं केलं. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या कोळीवाड्यात तांडेल म्हणतात त्याच्या जवळपासचा. अशा एकत्र जुंपलेल्या संगणकांच्या जथ्याला क्लस्टर म्हणतात.

इथवर बंदराची उपमा चालते. पुढे ती उलटी होते, आणि नवखी माणसं नेमकी इथंच अडखळतात. बंदरातला कंटेनर मौल्यवान, कारण माल त्याच्या आत असतो. संगणकातला कंटेनर मात्र फेकून देण्यासाठीच बनवलेला असतो. नवी आवृत्ती आली की जुना डबा मोडायचा, नवा लावायचा. एखादं यंत्र गरम झालं की तिथले डबे मोडून दुसऱ्या यंत्रावर नवे उभे करायचे. तांडेल हे दिवसातून कितीदाही करतो आणि कुणाला विचारत नाही. डबा मोडला की त्याच्या आत लिहिलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं. "म्हणजे कारकून बदलला की त्याच्या टेबलावरची वहीही जाळायची?" मामांनी विचारलं. हो, अगदी तसंच. म्हणून वही टेबलावर ठेवायची नाही, कपाटात ठेवायची. कारकून येतील-जातील, कपाट राहील. या कपाटाला परसिस्टंट व्हॉल्यूम म्हणतात, म्हणजे टिकून राहणारी जागा.

ही जागा मागण्याची पद्धत एचडीबीच्या घरासारखी आहे. नवीन घरासाठी अर्ज करताना आपण भिंती कुणी बांधायच्या ते सांगत नाही. किती खोल्या हव्यात आणि कुठल्या भागात, एवढं सांगतो. कंटेनर चालवणाराही असाच एक अर्ज टाकतो: मला १०० गिगाबाइट जागा हवी, अमुक प्रकारची, अमुक पद्धतीनं वापरायला. या अर्जाचं नाव पीव्हीसी, शेवटचा 'सी' क्लेमचा. क्लस्टर त्या अर्जाला जुळणारी जागा शोधतं किंवा नवी तयार करवून घेतं आणि अर्जाशी बांधून टाकतं. एकदा बांधलेली जागा दुसऱ्या अर्जाला मिळत नाही. डब्याला फक्त अर्जाचं नाव माहीत असतं. खाली डिस्क कुठल्या कंपनीची, कुठल्या खोलीतली, हे त्याच्या गावीही नसतं.

अर्जातला "अमुक पद्धतीनं वापरायला" हा रकाना मात्र नीट वाचावा लागतो. त्यात मुख्यतः तीन पर्याय असतात. रीड-राइट-वन्स, म्हणजे एका वेळी एकाच यंत्रानं लिहायचं-वाचायचं. रीड-ओन्ली-मेनी, म्हणजे अनेक यंत्रांनी फक्त वाचायचं. आणि रीड-राइट-मेनी, म्हणजे अनेक यंत्रांनी लिहायचंही आणि वाचायचंही. पहिल्या पर्यायातली मेख ही की "एकच" हे यंत्राबद्दल आहे, डब्याबद्दल नाही. एकाच यंत्रावर दोन डबे असतील तर ते दोघेही त्या जागेत खुशाल लिहू शकतात. त्यामुळे चाचणीच्या एकाच यंत्रावर सगळं सुरळीत चालतं आणि खऱ्या क्लस्टरवर नेलं की अडतं. खरोखर एकाच डब्याला परवानगी द्यायची तर त्यासाठी पुढे चौथा पर्याय आणावा लागला.

आमच्या छोट्या उद्योगात हा प्रश्न गणपतीत आला. आम्ही चार-पाच जणांनी हौसेनं आपल्या जुन्या कार्यक्रमांचे फोटो, नाटकांची चित्रणं आणि मराठी शाळेतल्या मुलांच्या ध्वनिफिती गोळा करायला घेतल्या आहेत. वीसेक वर्षांपूर्वीच्या फोटोंमधली कितीतरी माणसं आता पुण्याला, सिडनीला, न्यूजर्सीला गेली. काही तर हयातही नाहीत. सुरुवातीच्या काळात मंडपाची कमान स्वतः रंगवणाऱ्या एका काकांचा आवाज आमच्याकडे फक्त अकरा मिनिटांचा आहे, आणि तोही एकाच फायलीत. हे सगळं भाड्याच्या क्लाउडवर ठेवलं तर दर महिन्याचा खर्च वर्गणीतून निघेना. म्हणून तीन जुने छोटे संगणक घेऊन त्यांचं क्लस्टर केलं. ते पुंगोलच्या एका घरात बॉम्ब शेल्टरमध्ये ठेवायचं ठरत होतं, कारण तिथं कुणाचा पाय लागत नाही. पण त्या पोलादी दारामागे हवा खेळत नाही, यंत्रं तापतात. शेवटी हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटाचा एक कप्पा रिकामा झाला.

कामं तीन: एक डबा लोकांनी पाठवलेले फोटो स्वीकारतो, दुसरा त्यांची छोटी रूपं तयार करतो, तिसरा ते पडद्यावर दाखवतो. तिघांनाही फोटोंची तीच जागा हवी. एरवी तिन्ही डबे एकाच यंत्रावर मावत, त्यामुळे काही बिघडत नव्हतं. गणपतीच्या दिवसांत एकदम फोटो येऊ लागले तशी तांडेलानं स्वीकारणाऱ्या डब्याची आणखी एक प्रत दुसऱ्या यंत्रावर उभी करायला घेतली. ती उभीच राहीना. जागा पहिल्या यंत्राला जोडलेली आहे, दुसऱ्याला मिळणार नाही, असा निरोप घेऊन डबा दारात ताटकळत राहिला. इंजिनिअर मंडळींना तो मल्टी-अटॅचचा निरोप ओळखीचा असेल. त्या निरोपावर चिडू नये. तो वाचवायला आलेला असतो.

कसा ते मामांच्या भाषेत सांगते. जुन्या बँकेत आधी कीर्द लिहायची आणि मग खतावणी करायची. डिस्कवरची फाइल सिस्टीमही हेच करते. काय बदलणार आहे ते आधी तिच्या कीर्दीत लिहिते, मग जागच्या जागी खतावणी करते, म्हणजे मधे वीज गेली तरी कीर्द वाचून ताळा लावता येतो. शिवाय वेग वाढावा म्हणून कुठली पानं कोरी आहेत, याची यादी ती यंत्राच्या स्मरणात ठेवते, दर वेळी डिस्ककडे बघत नाही. आता तीच डिस्क दोन यंत्रांना एकदम जोडली असं समजा. दोघांच्या स्मरणात आपापली यादी. दोघांनाही २१७ नंबरचं पान कोरं दिसतं. एक त्यावर मंगळागौरीचा फोटो लिहितो, दुसरा त्याच पानावर बालनाट्याचा. भांडण होत नाही, सूचना येत नाही, आणि दोघांनाही आपलं काम झालं असं वाटतं. आठवड्यानं कुणी फोटो उघडला की अर्धी मंगळागौर आणि खाली राखाडी पट्टा. साध्या फाइल सिस्टीमला जगात आपल्याखेरीज आणखी कुणी लिहितंय ही कल्पनाच नसते.

"मग मधे एक माणूस बसवा," मामा म्हणाले. "आमच्याकडे लेजर कीपर होता. लेजर त्याच्याच टेबलावर. काउंटरवरचे सगळे त्याच्याकडे यायचे, लेजर कुणाच्या घरी जायचं नाही."

हाच तो पहिला आणि सगळ्यांत जुना उपाय. सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ मध्ये एनएफएस आणलं. चाळिशी उलटली तरी निम्मं जग अजून त्याच्यावर विसंबून आहे, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. डिस्क एकाच यंत्राला जोडलेली, तेच यंत्र लेजर कीपर. बाकीची यंत्रं नेटवर्कवरून त्याला सांगतात, "ही फाइल दे, हे लिही." पानांची यादी एकाच्याच डोक्यात असल्यानं गोंधळ होत नाही. आम्हीही हेच केलं. एका यंत्राला दोन डिस्क लावल्या, एकीवर लिहिलेलं दुसरीवरही आपोआप उतरेल अशी जोडी केली, एनएफएस सुरू केलं, आणि अर्जातला रकाना बदलून रीड-राइट-मेनी केला. अर्जाचा रकाना नंतर खोडून बदलता येत नाही, म्हणून नवा अर्ज, नवी जागा आणि रात्रभर फोटोंची वाहतूक. सकाळी दोन्ही यंत्रांवरचे डबे एकाच जागेत लिहीत होते.

यात दोन गोष्टींशी झगडावं लागतं. पहिली मालकीची. एनएफएस माणसाचं नाव बघत नाही, नंबर बघतं. एका डब्यातला प्रोग्राम १००० नंबरच्या नावानं लिहितो, दुसऱ्यातला ३३ नंबरच्या. मग फाइल डोळ्यांसमोर असूनही दुसऱ्याला "परवानगी नाही". त्यावर सर्व दारं उघडी टाकण्याचा मोह होतो. तसं न करता सगळ्या डब्यांना एकाच गटाचा नंबर द्यावा आणि फोल्डर त्या गटाच्या नावे करावं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. लेजर कीपर रजेवर गेला तर? एनएफएसची वागणूक अशी की तो परत येईपर्यंत बाकीचे थांबून राहतात. नाही म्हणत नाहीत, हो म्हणत नाहीत, नुसते थिजतात. हे बरंही आहे, कारण अर्धवट लिहून पुढे पळण्यापेक्षा थांबणं चांगलं. पण एका यंत्राचा पंखा बंद पडला म्हणून तिन्ही यंत्रं मुकी होतात, तेव्हा क्लस्टर कशाला केलं, असं वाटायला लागतं.

म्हणून दुसरा उपाय: लेजर एकाकडे ठेवायचंच नाही. प्रत्येक नोंद तीन ठिकाणी लिहायची आणि कुठली नोंद कुठे आहे हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. सेफ नावाची व्यवस्था हे करते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत सेज वाइल यांनी ती आपल्या संशोधनातून उभी केली; नाव आलं सेफॅलोपॉडवरून, म्हणजे आठ-दहा पायांच्या माखला-ऑक्टोपसच्या कुळावरून. एक पाय तुटला तरी काम चालू. यातला सगळ्यांत रंजक भाग मला गणपूर्तीचा वाटतो. तीन पहारेकरी असतात आणि कुठलाही निर्णय निम्म्याहून अधिक म्हणजे किमान दोघांच्या संमतीनं होतो. समजा केबल तुटली आणि एक यंत्र एकीकडे, दोन दुसरीकडे पडली. एकटं पडलेलं यंत्र जिवंत असतं, पण गणपूर्ती नाही म्हणून ते गप्प बसतं. ते गप्प बसलं नाही तर दोन्हीकडे वेगवेगळी लेजरं तयार होतील आणि केबल जोडल्यावर खरं कुठलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये दोन समांतर कार्यकारिण्या निवडून येतात ना, तसं. पहारेकरी विषम संख्येत ठेवतात ते यासाठी: चार ठेवले तरी एकच गेलेला चालतो, तीनलाही एकच. चौथ्याचं भाडं फुकट.

सेफ मोठ्या घरचं आहे, त्याला यंत्रंही दणकट लागतात. छोट्या क्लस्टरवर लाँगहॉर्न बरं पडतं; तेही प्रती ठेवतं, आणि गंमत म्हणजे अनेकांनी एकदम लिहायचं म्हटलं की आतून हळूच एक एनएफएसचा लेजर कीपरच उभा करतं. फरक इतकाच की तो कीपर स्वतःही एका डब्यात असतो, पडला तर तांडेल त्याला दुसऱ्या यंत्रावर उभा करतो. भाड्याच्या क्लाउडवर असाल तर अॅमेझॉनच्या सिंगापूर विभागात, जो २०१० पासून आहे, ईबीएस आणि ईएफएस असे दोन प्रकार समोर येतात. ईबीएस म्हणजे एका यंत्राला लावायची डिस्क, वेगवान, पण एकाच झोनमध्ये अडकलेली; डबा दुसऱ्या झोनमध्ये उभा राहिला तर ती तिथं येत नाही. ईएफएस म्हणजे विकतचा लेजर कीपर, सगळ्या झोनमधून दिसणारा, पण दर गिगाबाइटला बराच महाग. स्वस्त म्हणून पहिला निवडायचा आणि नंतर रडायचं, हे मी अनेक कचेऱ्यांत पाहिलंय.

या विषयात मराठी माणूस कुठे, असं कुणी विचारलं तर पुण्याकडे बोट दाखवावं. व्हेरिटास कंपनीचं मोठं केंद्र तिथं वर्षानुवर्षं होतं, आणि डिस्क, व्हॉल्यूम, अनेक यंत्रांनी मिळून वापरायच्या फाइल सिस्टीम हेच तिचं दुकान. सिंगापुरात स्टोरेजवाल्या कुणाशी गप्पा सुरू झाल्या की दहा मिनिटांत बाणेर किंवा औंध निघतं, ते काही उगीच नाही.

सगळंच सामायिक कोठारात ठेवावं, असं मात्र नाही. फोटो, चित्रणं, कागदपत्रं ठीक. डेटाबेस नाही. ज्या प्रोग्रामला क्षणाक्षणाला कुलूप लावून, लिहून, कुलूप काढायचं असतं, त्याला नेटवर्कपलीकडचा लेजर कीपर मानवत नाही. कुलूप लागलं की नाही याची खात्री होईपर्यंत वेळ जातो, आणि खात्री चुकीची निघाली तर वहीच खराब. डेटाबेसच्या प्रत्येक प्रतीला तिची स्वतःची जागा द्यायची आणि आपसात नक्कल कशी करायची ते डेटाबेसवरच सोपवायचं. अशा डब्यांना कुबरनेटीजमध्ये नाव आणि क्रमांक मिळतो: शून्य, एक, दोन. डबा मोडून पुन्हा उभा राहिला तरी क्रमांक तोच आणि त्याचं कपाटही तेच. या सोयीचं पहिलं नाव पेटसेट होतं. बाकीचे डबे म्हणजे कळपातली गुरं, आणि हे म्हणजे नाव ठेवलेली पाळीव जनावरं, अशी त्या लोकांची कल्पना. पुढे स्टेटफुलसेट असं सभ्य नाव ठेवलं. ज्यांच्या घरी गोठा होता त्यांना ही उपमा कधीच पटली नसती. आमच्या आजोळी प्रत्येक गाईला नाव होतं.

आता मामांचा शेवटचा प्रश्न, जो खरं तर पहिलाच असायला हवा. "तीन प्रती आहेत म्हणतेस. बँकेला आग लागली तर?"

सिंगापुरात हे घडलेलं आहे. १० सप्टेंबर २०२४ च्या सकाळी लोयांगमधल्या डिजिटल रिअल्टीच्या डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांच्या खोलीत आग लागली. विझवायला दीड दिवसाच्या आसपास लागला. अलीबाबा क्लाउडचा एक अख्खा झोन त्या इमारतीत होता. आग विझल्यावरही सेवा लगेच आली नाही, कारण पाणी मारलेलं होतं. आतला डेटा सुखरूप राहावा म्हणून यंत्रं आधी वाळवावी लागली. ज्यांच्या प्रती दुसऱ्या झोनमध्येही होत्या, त्यांचं काम चालू राहायला वाट होती. ज्यांच्या तिन्ही प्रती त्याच इमारतीत होत्या, त्यांना यंत्रं वाळण्याची वाट बघावी लागली.

दुसरी जागा असली की झालं, असंही नाही. १४ ऑक्टोबर २०२३ च्या शनिवारी दुपारी डीबीएस आणि सिटीबँकेची सेवा कोलमडली, ते बहुतेकांना आठवत असेल. कुणी फेअरप्राइसच्या रांगेत अडकलं होतं, कुणी हॉकर सेंटरवर. इक्विनिक्सच्या डेटा सेंटरमध्ये थंड पाण्याच्या व्यवस्थेचं काम चालू असताना कंत्राटदाराकडून चुकीचा संदेश गेला, झडपा बंद झाल्या, आणि खोल्या तापल्या. दोन्ही बँकांकडे पर्यायी केंद्र होतं. पण तिकडे वळताना दोघींनाही आपापल्या नेटवर्कच्या अडचणी आल्या. नंतर संसदेत सांगितलं गेलं की २५ लाखांपर्यंत व्यवहार अडले. मामांनी हे ऐकून मोठ्यानं "हं" केलं. बँकवाल्याच्या त्या "हं" मध्ये बरंच काही असतं.

आणि सगळ्यांत बोचणारं उदाहरण कोरियाचं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तिथल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली, तीही बॅटरीचीच. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी जी-ड्राइव्ह नावाचं सामायिक कोठार होतं. सुमारे सव्वा लाख कर्मचारी कामाचे कागद त्यात ठेवत. ८५८ टेराबाइट. आकार फार मोठा म्हणून बाहेर कुठेही त्याची प्रत ठेवली नव्हती. ते गेलं.

आग तरी दिसते. रोजचा धोका निमूट असतो. तीन प्रती ठेवणारी व्यवस्था प्रामाणिक असते. तुम्ही चुकून एक फोल्डर पुसलंत, तर ती तिन्ही प्रतींतून तितक्याच प्रामाणिकपणे, क्षणार्धात पुसते. प्रती ठेवणं म्हणजे यंत्र मेलं तरी काम चालू राहणं. बॅकअप म्हणजे कालचा दिवस परत मिळणं. दोन्ही वेगळ्या गोष्टी. कुबरनेटीजमध्ये तर आणखी एक चोरदरवाजा आहे. आपोआप तयार झालेल्या जागेचा अर्ज कुणी रद्द केला, तर खालची जागाही आपोआप पुसून टाकायची, असा नियम बहुतेक ठिकाणी मुळातच असतो. घर सोडलं की आतलं सामान जाळून टाकण्यासारखं. तो नियम बदलून रिटेन करता येतो, म्हणजे अर्ज गेला तरी जागा जशीच्या तशी, पुढचं माणूस ठरवेल. फोटो ठेवण्याआधी आम्ही हे केलं. तुमच्या कचेरीत कुणी नवीन क्लस्टर उभं करत असेल तर चहाच्या वेळी एवढं एकच विचारा.

मामा सगळं ऐकून म्हणाले, "आमच्याकडे रोज संध्याकाळी ताळा लागायचा, पण वर्षातून एकदा जुन्या वहीवरून नवी वही लिहून बघायचो. ती जमली तरच ऑडिटर सही करायचा." त्यांना हे सांगायला आनंद झाला की आम्हीही तेच करतो. रोज रात्री कोठाराचा त्या दिवसापुरता साचा धरला जातो आणि तो वेगळ्या यंत्रावर जातो, ज्याला क्लस्टरचा कुठलाही डबा हात लावू शकत नाही. महिन्यातून एकदा कुलूपबंद करून एक प्रत देशाबाहेर जाते. आणि तीन महिन्यांतून एका शनिवारी कोऱ्या यंत्रावर सगळं परत उभं करून, कुठलेही वीस फोटो आणि एक ध्वनिफीत उघडून बघतो. ध्वनिफीत नेहमी तीच लावतो, काकांची अकरा मिनिटांची.

देशाबाहेरची प्रत गेल्या वेळेपर्यंत नेटवरून जायची. या वेळी मामा परत निघाले तेव्हा चार टेराबाइटची एक छोटी डिस्क त्यांच्या हातातल्या पिशवीत, मुस्तफाच्या खजुरांच्या पाकिटाशेजारी होती. डोंबिवलीला पोचल्यावर त्यांनी ती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आणि फोन करून मला पावती क्रमांक लिहून घ्यायला लावला. लॉकर दोघांच्या नावे आहे, पण एका वेळी एकालाच उघडता येतो, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं.